परतणाऱ्याची जागा

२०१७ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मलेशियातल्या इपोह इथे सुलतान अझलन शाह चषकाची स्पर्धा सुरू होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश याच्या गुडघ्याला दुखापत झाली. तो नुसता गोलरक्षक नव्हता, आदल्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये संघाचं नेतृत्व केलेला कर्णधारही होता. त्यानंतर जवळपास आठ महिने तो भारताकडून खेळू शकला नाही. त्या आठ महिन्यांत भारताचं गोलजाळं मुख्यतः महाराष्ट्रातल्या दोन मुलांनी सांभाळलं: यवतमाळचा, सैन्यदलातला आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा.

हॉकीच्या संघरचनेबद्दल बोलताना मला हे उदाहरण सगळ्यात आधी आठवतं. मोठा खेळाडू जखमी झाला की त्याच्या जागी कोण, एवढीच चर्चा होते. तो बरा झाला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, ‘आला, आता संघ पुरा झाला’ असं म्हणून मोकळे होतात. खरं अवघड काम तिथेच सुरू होतं. त्याच्या गैरहजेरीत संघ थांबलेला नसतो. पासची नवी जाळी विणली गेलेली असते, कुणाच्या तरी खांद्यावर नव्या जबाबदाऱ्या आलेल्या असतात, आणि परतणारा स्वतःही गेला तसाच आलेला नसतो.

श्रीजेशच्या गैरहजेरीत संघात किती उलथापालथ झाली ते पाहा. इपोहला भारतानं न्यूझीलंडला ४-० असं हरवून कांस्यपदक मिळवलं. जूनमध्ये लंडनच्या वर्ल्ड लीग उपांत्य स्पर्धेत चिकटेसोबत गोलरक्षक विकास दहिया होता. तिथे पाकिस्तानला ७-१ असं लोळवणारा संघ उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाकडून २-३ असा हरला आणि सहाव्या क्रमांकावर राहिला. सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक रोलंट ओल्टमन्स यांना पायउतार व्हावं लागलं आणि श्योर्ड मरिन आले. कर्णधारपदाची धुरा त्याआधीच मनप्रीतसिंगकडे गेली होती. ऑक्टोबरमध्ये ढाक्याला चिकटे आणि करकेरा हे दोन गोलरक्षक घेऊन उतरलेल्या संघानं अंतिम सामन्यात मलेशियाला २-१ नं हरवून आशिया चषक जिंकला. डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा झाली. बेल्जियमविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना ३-३ असा सुटला आणि शूटआउट आलं.

शूटआउट जवळून पाहिलं म्हणजे गोलरक्षकाची जागा वेगळी का, ते पटतं. चेंडू २३ मीटरच्या रेषेवर ठेवलेला असतो. शिट्टी वाजते आणि हल्लेखोराला फक्त आठ सेकंद मिळतात. तो चेंडू घेऊन धावत येतो, हूल देतो, वळतो. गोलरक्षक पुढे सरकत त्याचा कोन कमी करत जातो, आणि शेवटच्या दोन सेकंदांत आडवं पडायचं, पाय फाकवायचा की उभंच राहायचं हे ठरवतो. गुडघ्यावर, मांडीच्या आतल्या स्नायूवर आणि कमरेवर एकाच क्षणी सगळा भार येतो. गुडघ्याबद्दल मनात पाव टक्का शंका असली तरी उडी अर्ध्या क्षणानं उशिरा पडते. त्या दिवशी चिकटेची उडी वेळेवर पडत होती. भारतानं शूटआउट ३-२ असं जिंकलं.

त्याच स्पर्धेतला कांस्यपदकाचा सामना तर संघरचनेच्या कोणत्याही पुस्तकात असायलाच हवा. आजारपणानं आणि दुखापतींनी जर्मनीचा संघ इतका खिळखिळा झाला होता की मैदानात उतरवायला जेमतेम अकरा जण उरले. बाक रिकामा. त्यांनी राखीव गोलरक्षक मार्क आपेल याला पॅड उतरवून आघाडीफळीत खेळवलं, आणि त्या पठ्ठ्यानं बरोबरीचा गोल केला. भारतानं तो सामना २-१ असा जिंकला खरा. त्या दिवशी भारताच्या गोलात करकेरा होता. पण बदली खेळाडूंशिवाय साठ मिनिटं झुंजलेल्या जर्मनांचं कौतुक तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

जानेवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमधल्या चौरंगी स्पर्धेत श्रीजेश परतला. कर्णधारपद लगेच त्याच्या हाती दिलं गेलं नाही, ते मनप्रीतकडेच राहिलं. दुसरा गोलरक्षक म्हणून कृष्ण बहादूर पाठक या नव्या मुलाला संधी मिळाली. मार्चमध्ये अझलन शाह चषकाला करकेरा आणि पाठक गेले, एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेला श्रीजेश आणि करकेरा. जूनमध्ये ब्रेडाच्या चॅम्पियन्स करंडकापर्यंत श्रीजेश पुन्हा कर्णधार झाला होता, आणि तिथे भारतानं रौप्यपदक जिंकलं. आला आणि बसला, असं ते पुनरागमन नव्हतं. सहा महिन्यांच्या पायऱ्या होत्या.

गोलरक्षकाच्या बाबतीत या पायऱ्या स्पर्धा बदलूनच घालाव्या लागतात, कारण त्याची जागा वाटून घेता येत नाही. पहिल्या सत्रात एक आणि दुसऱ्या सत्रात दुसरा, असे प्रयोग सरावसामन्यांत होतात. मोठ्या सामन्यात सहसा होत नाहीत. बाकी दहा जागांचं गणित निराळं आहे.

क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये ‘अंतिम अकरा’ला जे वजन असतं, ते आजच्या हॉकीत राहिलेलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. मध्यरेषेजवळून एक बाहेर येतो, दुसरा आत जातो, घड्याळ चालूच असतं. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा. म्हणजे गोलरक्षक सोडून दहा जागा गुणिले साठ मिनिटं, एकूण ६०० मिनिटं. संघाची मांडणी म्हणजे ही ६०० मिनिटं कशी वाटायची याचा निर्णय. सुरुवातीला कोण उभं राहतं, याला त्या मानानं फारसा अर्थ नाही.

ऑलिम्पिकच्या सोळा जणांच्या संघात एकच गोलरक्षक घेतला, तर मैदानी खेळाडू पंधरा. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४० मिनिटं. आता समजा, मधल्या फळीतला एक जण दुखापतीतून उठून आलाय आणि फिजिओनं त्याला २० मिनिटांची मर्यादा घातली आहे. उरलेली २० मिनिटं इतर चौदा जणांत वाटली, तर प्रत्येकाला दीड मिनिटसुद्धा जास्त पडत नाही. कागदावर हे फुकटात पडल्यासारखं दिसतं. पण मिनिटं अशी पातळ पसरत नाहीत. मधल्या फळीची कामं मधली फळीच करते. तिथे तीन जागा आणि पाच खेळाडू धरले तर १८० मिनिटं पाच जणांत, म्हणजे प्रत्येकी ३६. त्यातला एक २० मिनिटंच खेळणार असेल, तर उरलेल्या चौघांना ४० मिनिटं धावावं लागतं. स्पर्धेत एका दिवसाआड सामना असतो. चार-पाच सामन्यांत या जास्तीच्या मिनिटांची बेरीज झाली की चौघांपैकी एखाद्याची मांडी कुरकुरायला लागते. एका जखमी खेळाडूला सांभाळताना दुसरा जखमी होतो तो असा.

म्हणून जाणते प्रशिक्षक परतणाऱ्याची २० मिनिटं एकाच दमात वापरत नाहीत. प्रत्येक सत्रात पाच मिनिटं, आणि तीही कुठली, हे आधी ठरलेलं असतं. सत्राच्या सुरुवातीला सगळे ताजे असतात, वेग सर्वाधिक असतो. दीर्घ काळानं परतलेल्या स्नायूला नेमका तोच वेग झेपत नाही. मधली पाच मिनिटं त्याला जास्त मानवतात. बाकावर बसून अंग गार पडलं तर पुन्हा आत जाताना धोका असतो, म्हणून तो बाकामागे सायकल मारताना किंवा छोट्या धावा घेताना दिसतो. प्रेक्षकांना वाटतं, याला का ताटकळत ठेवलंय?

यात पेनल्टी कॉर्नरची एक मेख आहे. पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. अपवाद एकच, बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक जखमी किंवा निलंबित झाला तर. याचा अर्थ, तुमचा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर गोल मारणारा, त्या क्षणी बाकावर असेल तर तो बाकावरच राहणार. साठपैकी वीस मिनिटं खेळणारा ड्रॅगफ्लिकर सामन्यातले दोन-तृतीयांश कॉर्नर बाहेरून बघण्याची शक्यता असते. आणि ड्रॅगफ्लिक ही शरीराला पिळून काढणारी क्रिया आहे. लांब ढांग टाकायची, पुढचा गुडघा वाकवायचा, कंबर जमिनीलगत आणायची आणि सगळं धड फिरवत चेंडू स्टिकवर ओढून झुगारायचा. पाठीचा खालचा भाग, खुबा आणि पुढच्या पायाची मांडी एकदम कामाला लागते. अशा खेळाडूला परत आणताना प्रशिक्षकासमोर दोनच वाटा असतात. त्याला जास्त मिनिटं देऊन जोखीम पत्करायची, किंवा दुसरा फ्लिकर तयार ठेवून पहिल्याला फक्त बचावासाठी वापरायचं. २००३ च्या सप्टेंबरमध्ये भारताचा ड्रॅगफ्लिकर जुगराजसिंग रस्ता-अपघातात जबर जखमी झाला. तेव्हा भारताच्या हाताशी घडवलेला दुसरा फ्लिकर नव्हता. पुढच्या वर्षी अथेन्सला कोवळ्या संदीपसिंगवर ते ओझं पडलं. जुगराज पूर्वीच्या जोमानं कधी परतू शकला नाही.

एक माणूस म्हणजे एक जागा, हा समज सोडून द्यावा लागतो तो इथे. हॉकीतला प्रत्येक खेळाडू पाच-सहा कामांचा बोजा घेऊन फिरतो. कॉर्नरला चेंडू आत कोण ढकलणार, कोण अडवणार, प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरवर सगळ्यात पुढे धावत जाऊन अंगावर चेंडू कोण घेणार, पंधरा मीटरवरून खेळ कोण सुरू करणार, बारा सेकंदांत डावीकडून उजवीकडे चेंडू कोण फिरवणार. जखमी खेळाडू बाहेर गेला की ही कामं तुकड्यातुकड्यांनी इतरांकडे जातात. तो परत आला म्हणून ती आपोआप त्याच्याकडे येत नाहीत. प्रशिक्षकानं बसून, नाव घेऊन सांगावं लागतं: कॉर्नरला धावायचं काम अजून महिनाभर त्याचंच, तू सध्या दुसऱ्या क्रमांकावर. हे सांगितलं नाही तर ऐन वेळी दोघे एकमेकांकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो.

आता शरीराकडे येऊ. हॉकीपटूला सर्वाधिक छळणारा स्नायू म्हणजे मांडीच्या मागचा, खेळाडूंच्या तोंडी असलेलं हॅमस्ट्रिंग. वाकून धावणं, एकदम थांबणं, पुन्हा सुसाट निघणं, हा खेळच त्या स्नायूच्या मुळावर येणारा. त्याची वाईट खोड अशी, की दुखणं थांबतं आधी आणि ताकद भरून येते नंतर. चालताना काही वाटत नाही, हळू धावताना काही वाटत नाही, म्हणून खेळाडू ‘मी फिट आहे’ असं अगदी मनापासून सांगतो. पूर्ण वेगानं धावताना पाय पुढे फेकला जातो त्या क्षणी स्नायू लांबतही असतो आणि आखडतही असतो, आणि नेमका तिथेच तो पुन्हा फाटतो. परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यासाठी सर्वांत धोक्याचे. दुखणं अंगावर काढण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती या स्नायूला अजिबात चालत नाही.

गुडघ्याच्या अस्थिबंधाची गोष्ट आणखी गंभीर. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा दर प्रत्येक महिन्यामागे निम्म्यानं, नेमकं सांगायचं तर ५१ टक्क्यांनी, घटत गेला. नऊ महिने हा आकडा त्यानंतर जगभरच्या फिजिओंच्या बोलण्यात रुळला. नऊ महिने थांबायला संघाची तयारी हवी आणि खेळाडूच्या घरचीही. आपल्याकडे अनेक हॉकीपटूंची नोकरी खेळावर अवलंबून असते. रेल्वे, सैन्यदल, पेट्रोलियम कंपन्या, बँका यांच्या संघांतली जागा म्हणजे पगार. मैदानाबाहेरचा प्रत्येक महिना त्याला वेगळ्या कारणानं जड जातो, आणि त्याची घाई समजून घेतल्याशिवाय त्याला थांबवता येत नाही.

थांबायचं की नाही, याची सगळ्यात कठीण परीक्षा स्पर्धेच्या मध्यात होते. २०२३ चा विश्वचषक ओडिशात होता. १५ जानेवारीला राउरकेल्याच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये इंग्लंडविरुद्ध शेवटच्या सत्रात हार्दिकसिंगचं हॅमस्ट्रिंग दुखावलं. सामना ०-० सुटला. हार्दिक हा मधल्या फळीचा कणा; बचावातून चेंडू उचलून तीन खेळाडूंना चकवत वर्तुळापर्यंत नेणारा. व्यवस्थापनासमोरचा पेच असा होता: राखीव खेळाडूला अधिकृतपणे संघात घेतलं की हार्दिकची स्पर्धा तिथेच संपणार. नाही घेतलं तर एक माणूस कमी घेऊन खेळायचं आणि तो आठवड्यात बरा होईल या आशेवर राहायचं. त्यांनी थांबून पाहिलं. १९ तारखेचा वेल्सविरुद्धचा सामना हार्दिकविना ४-२ असा जिंकला, पण गोलफरकात इंग्लंड पुढे राहिलं. थेट उपांत्यपूर्व फेरीऐवजी न्यूझीलंडविरुद्धचा जादा सामना पदरात पडला. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी हार्दिकचं नाव काढून राजकुमार पालला आत घेतलं. २२ तारखेला ३-१ अशी आघाडी हातात असताना भारतानं ती घालवली, ३-३ बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये विश्वचषकाचा रस्ता बंद झाला.

हार्दिक असता तर, असं त्या रात्री सगळा देश म्हणत होता. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. अर्धवट बऱ्या झालेल्या हॅमस्ट्रिंगवर त्याला उतरवलं असतं, तर सामना जिंकलाच असता याची खात्री नव्हती, पण स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता दाट होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हार्दिक आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. जानेवारीत थांबवलं होतं, म्हणून हे वर्ष त्याला मिळालं.

हे सगळं मोठ्या संघांचं, जीपीएसच्या बनियनचं आणि पाच-पाच फिजिओंचं, असं वाटेल. पण पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं महाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. तिथे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गावोगावच्या मुली-मुलं कोवळ्या वयात स्टिक हातात घेतात. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके याच वाटेनं भारतीय संघात पोहोचली आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा घोटा मुरगळला तर तिला परत कसं उतरवायचं, हा प्रश्न तितकाच खरा आहे. उलट तिथे तो जास्त नाजूक असतो, कारण हाडं अजून वाढत असतात आणि मुलं प्रशिक्षकाला ‘दुखतंय’ असं सांगायला घाबरतात.

अशा ठिकाणी वही आणि घड्याळ पुरतं. कोण किती मिनिटं मैदानात होतं, हे बाकावरच्या एका मुलानं लिहून ठेवायचं. परतलेल्या मुलीला आधी नुसता सराव, मग चेंडूशिवाय पूर्ण वेगाची धाव, मग अंगाला अंग न लावता खेळ, मग सरावसामन्यातली दहा मिनिटं. पुढची पायरी चढायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नसेल तरच. एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. आणि शाळेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी पालक कितीही म्हणाले, ‘सर, आज तेवढं खेळवाच हिला,’ तरी वहीत ठरलेली मिनिटं बदलायची नाहीत.

राहता राहिला तो, ज्यानं मधल्या काळात जागा सांभाळली. वहीत त्याच्यासाठी रकाना नसतो. मोठं नाव परतलं की याला बाजूला सरकवणं सोपं असतं, कारण तो भांडत नाही. पण त्याला नुसतं ‘थँक्यू’ म्हणून बाकावर पाठवलं, तर पुढच्या वेळी तो तसाच जीव ओतून खेळेल अशी अपेक्षा कशी ठेवणार? टोकियो ऑलिम्पिकमध्ये करोनामुळे प्रत्येक संघाला अठरा जण नेऊन सामन्यागणिक सोळा निवडण्याची मुभा मिळाली. त्यामुळे मूळ राखीव असलेला सिमरनजीतसिंग मैदानात उतरू शकला आणि ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या ५-४ अशा सामन्यात त्यानं दोन गोल केले. राखीव खेळाडूला पहिल्या दिवसापासून संघाच्या रचनेत गुंफून ठेवलेलं असतं, तेव्हाच असं घडतं. शेवटच्या क्षणी बोलावलेल्याला सहकाऱ्याचा पास कुठल्या पायाकडे येणार, हेसुद्धा माहीत नसतं.

पॅरिसमध्ये २०२४ ला हार्दिकसिंग आणि राजकुमार पाल दोघेही सोळा जणांत होते. ४ ऑगस्टच्या उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. भारताच्या पेनल्टी कॉर्नर-बचावात सगळ्यात पुढे धावणारा माणूस गेला आणि उरलेली जवळपास ४३ मिनिटं संघाला दहा जणांत काढावी लागली. कामं पुन्हा वाटली गेली. मनप्रीतसिंग मधल्या फळीतून मागे बचावात आला, कॉर्नरला दुसरे धावले, मधल्या फळीनं आपली मिनिटं वाढवून घेतली. सामना १-१ सुटला. शूटआउटमध्ये हरमनप्रीत, सुखजीत आणि ललित यांनी गोल केले, श्रीजेशनं ब्रिटनला रोखलं. मग दीड वर्षापूर्वी हार्दिकच्या जागी बोलावलेला राजकुमार पाल २३ मीटरच्या रेषेवर आला, आठ सेकंदांच्या आत त्यानं चेंडू जाळ्यात घातला आणि भारत ४-२ असा जिंकून उपांत्य फेरीत गेला.